सिंधुवेळ नगरीचा ‘आगर’ : कोकण किनाऱ्यावरील काल्पनिक उद्यानविभागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुवेळ ही नगरी कुठल्याही नकाशावर नाही. गुहागर आणि जयगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर २१२५ च्या सुमारास एखादे संपन्न शहर वसले, तर ते कसे असावे, या कल्पनेवर तिचा आराखडा रचला आहे. शहरातला सर्वांत उंची वस्तीचा भाग म्हणजे ‘आगर’ हा उद्यानविभाग. शहर कल्पनेतले असले, तरी त्याच्या खालचा जांभा, त्यावर पडणारा पाऊस आणि त्याला झोडपणारा वारा कोकणातलाच ठेवला आहे. या विभागाविषयी वास्तुकलेचे विद्यार्थी, विज्ञानकथा लिहिणारे आणि काही बागायतदार जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे आराखडा रचणारे आम्ही येथे देत आहोत.

विभागाला ‘आगर’ हेच नाव का?

दक्षिण कोकणात नारळ-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात आणि उत्तर कोकणात मिठाच्या शेतालाही आगरच म्हणतात. दोन्हींत माणसाने पाण्याला वळण लावून जमिनीतून काही पिकवलेले असते. ‘ग्रीन’, ‘पॅराडाइज’, ‘व्हॅली’ अशी नावे सुचवणारे पुष्कळ भेटले. परंतु ती नावे कोणत्याही डोंगराला आणि कोणत्याही माळाला चिकटवता येतात, हाच त्यांचा दोष आहे.

विभाग केवढा आहे आणि जमीन कशी आहे?

एकूण क्षेत्र १२० हेक्टर धरले आहे. त्यातले ४५ हेक्टर वरचा सडा (कातळाचे सपाट पठार), ४० हेक्टर सड्याखालचा उतार, २० हेक्टर पायथ्याची वाडी आणि उरलेले १५ हेक्टर पुळण (वाळूचा किनारा) व खाडीकाठ. रत्नागिरी जिल्ह्यात कुठेही समुद्राकडून पूर्वेला चालत गेले, तर थोड्याफार फरकाने हाच क्रम लागतो : वाळू, नारळीची वाडी, चढण, आणि वर आल्यावर एकदम उघडा, सपाट कातळ.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा उभा छेद काढावा, प्रत्येक पातळीवर कोणती जमीन आहे आणि तिथे कोणता व्यवसाय उभा राहिला आहे हे पाहावे, आणि मगच शहराची आखणी करावी, अशी त्यांची मांडणी होती. आगरचा आराखडा याच रीतीने काढला आहे. पहिल्या आवृत्तीत मात्र वरून पाहिलेला गोल, सुबक नकाशा आधी काढला आणि चढउतार नंतर त्यात बसवले होते. त्या नकाशात तळी उतारावर आली आणि घरे ओढ्यात आली. तो कागद आजही जपून ठेवला आहे.

‘आलिशान’ या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया आहे. कोकणच्या किनाऱ्यावर चैन कशाला म्हणावे, हे वैशाखात कळते. ज्या घराच्या विहिरीला मे महिन्याच्या अखेरीस पाणी असते, ज्याच्या मागीलदारी पोफळीचा गारवा असतो आणि ज्याच्या पडवीत संध्याकाळी दर्यावरचा वारा अडथळ्याशिवाय पोहोचतो, ते घर कौलारू असो वा सिमेंटचे, गावात श्रीमंतच समजले जाते. संगमरवर, कारंजी आणि छाटलेली झुडपे ही दुसऱ्या हवामानातल्या वैभवाची चिन्हे आहेत. येथे पहिल्या दोन पावसाळ्यांत संगमरवरावर शेवाळ चढते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कारंजी कोरडी पडतात. म्हणून आगरमध्ये उन्हाळ्यातले पाणी, दाट सावली, मोकळा वारा, ऋतूंचा सुगंध आणि रात्रीचा अंधार या पाच गोष्टींना ऐश्वर्य मानले आहे, आणि खर्च त्यांच्यावरच केला आहे.

कोकणात इतका पाऊस पडतो, मग पाण्याची एवढी चिंता कशासाठी?

किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंगापूरला सुमारे २,१०० ते २,४०० मिलिमीटर पडतो, म्हणजे उद्यानांचे शहर म्हणून ज्याचा गौरव होतो त्या शहराहून आपला पाऊस बहुधा अधिकच. फरक एवढाच की तिथला पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो आणि आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सिंगापूरच्या बागेची नक्कल करून कोकणात बाग उभारणारा आराखडा ऑक्टोबरपर्यंत छान दिसतो, त्यानंतर नाही.

दुसरे कारण जमिनीत आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात अंतर थोडे, त्यामुळे नद्या आखूड आणि उतार तीव्र. पडलेले पाणी काही तासांत खाडीला मिळते. जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यात मुरलेले पाणी खाली झिरपत जाते, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि मग आडवे वाहत उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जुन्या वाड्या नेमक्या या झऱ्यांच्या ओळीवर वसलेल्या आढळतात. ज्यांनी त्या वसवल्या त्यांनी भूगर्भशास्त्र शिकलेले नव्हते, पण फेब्रुवारीत कुठे ओल राहते हे त्यांना ठाऊक होते.

मग आगरला पाणी येते कुठून?

वरून खाली, आणि शक्यतो पंपाविना. ४५ हेक्टरांच्या सड्यावर ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका पावसाळ्यात १३५ कोटी लिटर पाणी पडते. त्याचा दहावा हिस्सादेखील आम्हाला लागत नाही. सड्याच्या कडेला पूर्वी चिरे (जांभ्याचे ठोकळे) काढून टाकून दिलेल्या पाच खाणी आहेत, असे आराखड्यात गृहीत धरले आहे. कोकणात हे गृहीतक कोणालाही धाडसाचे वाटू नये. प्रत्येक खाण एक एकराची आणि सहा मीटर खोल मानली, तर पाचांत मिळून सुमारे १२ कोटी लिटर पाणी मावते. जांभा पाणी धरून ठेवत नाही म्हणून तळाला आणि बाजूंना चिकणमाती कुटून थर द्यावा लागतो. कोरड्या आठ महिन्यांत उघड्या पृष्ठभागावरून सव्वा मीटरच्या आसपास पाणी बाष्प होऊन जाते. म्हणजे दोन ते अडीच कोटी लिटरची तूट आधीच धरून चालावी लागते.

उरलेले साडेनऊ-पावणेदहा कोटी लिटर पाणी घरांना जाते. विभागात ३,००० रहिवासी आहेत आणि माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित माप लावले, तर २४० दिवसांना ९ कोटी ७२ लाख लिटर लागतात. हिशेब अगदी काठावर बसतो आणि तो तसाच ठेवला आहे, कारण पाणी मुबलक आहे असे रहिवाशांना वाटू लागले की सगळा आराखडा फसतो.

घरांतून वापरून बाहेर पडलेले पाणी उतारावरच्या कर्दळ, पाणकणीस आणि वाळूच्या वाफ्यांतून गाळत खाली वाडीत नेले आहे. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के परत मिळते असे धरल्यास रोज सव्वातीन लाख लिटर होतात. वाडीला ते पुरतात. कसे, ते पुढच्या उत्तरात येईल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायचे आहे. सड्यावरच्या नैसर्गिक खळग्यांत पावसाळ्यात साचणारी डबकी भरून वाहू लागल्यावर जे पाणी कडेला येते, तेवढेच खाणींत घ्यायचे. डबकी फोडून चर काढायचे नाहीत.

हिरवळीचे गालिचे का नाहीत? आलिशान उद्यानात लॉन तर हवेच.

एक हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते, म्हणजे दिवसाला ५०,००० लिटर आणि कोरड्या २४० दिवसांत सव्वा कोटीच्या आसपास. याउलट साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या नारळांची एक हेक्टर बाग घेतली, तर तीत सुमारे १७५ झाडे बसतात. ठिबकने प्रत्येकाला उन्हाळ्यात रोज साधारण ४० लिटर दिले, तर दिवसाला ७,००० लिटर होतात. नारळाखाली पोफळ, जायफळ, दालचिनी आणि नारळाच्याच बुंध्यावर चढवलेली मिरी धरून ही गरज दुप्पट मानली, तरी वीस हेक्टरांच्या संपूर्ण वाडीला रोज २ लाख ८० हजार लिटर पुरतात. तेवढ्या पाण्यात हिरवळ साडेपाच हेक्टरांपलीकडे जात नाही, आणि हिरवळीखाली बसायला सावली नसते.

नारळात मसाल्याची पिके घेण्याची ही पद्धत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने ‘लाखीबाग’ या नावाने शेतकऱ्यांपर्यंत नेली. आम्ही तिच्यात भर घातली ती फक्त बसण्याच्या जागांची.

ज्यांना उघड्या हिरव्या पृष्ठभागाचा सोस आहेच, त्यांच्यासाठी सड्यावरचे गवत आहे. ते जून ते सप्टेंबर हिरवे असते, दिवाळीनंतर सोनेरी होते आणि त्याला एक थेंबही पाणी द्यावे लागत नाही.

काचेचे वातानुकूलित घुमट किंवा झाडांनी मढवलेले मनोरे का नाहीत? भविष्यातले शहर म्हटल्यावर तेच अपेक्षित असते.

सिंगापूरमध्ये २०१२ साली खुल्या झालेल्या गार्डन्स बाय द बे या उद्यानात थंड ठेवलेली काचगृहे आहेत आणि पंचवीस ते पन्नास मीटर उंचीचे वेलींनी वेढलेले पोलादी ‘वृक्ष’ आहेत. ते काम कौतुकास्पद आहे. इटलीतील मिलान शहरातही २०१४ पासून सज्जांवर खरी झाडे वाढवलेले दोन निवासी मनोरे उभे आहेत. परंतु कोकण किनाऱ्यावर खारा वारा लोखंडाला दोन-चार वर्षांत पोखरतो, पावसाळ्यात आकाश आठवडेच्या आठवडे झाकलेले असल्याने सौरऊर्जा मंदावते, आणि काचेच्या घुमटात मे महिन्याचा उकाडा कोंडला की तो उपसण्यासाठी लागणारी वीज बागेच्या आनंदाहून महाग पडते. मूळ मुद्दा असा की, गारवा निर्माण करणारे यंत्र कोकणात आधीपासून आहे. ते म्हणजे पाटाचे पाणी सोडलेली पोफळीची बाग.

भविष्यातले तंत्रज्ञान आगरमध्ये भरपूर आहे, पण ते दिसत नाही. मुळांपाशी ओल मोजणारे संवेदक आहेत, प्रत्येक आळ्याला हवे तेवढेच पाणी सोडणाऱ्या झडपा आहेत, आणि वादळाची सूचना मिळताच पाटांची दारे आपोआप मोकळी होतात.

सड्यावर काय बांधले आहे?

काहीही नाही. हे उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते, कारण समुद्राचे सर्वांत देखणे दृश्य तिथूनच दिसते आणि सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुधा पडीक म्हटलेले असते. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर या कातळावर जे उगवते, ते कोणत्याही वाफ्यात लावता येत नाही. नखाएवढ्या मातीच्या थरावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे ताटवे उठतात. दीपकाडीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर कोकणच आहे, आणि तिची पांढरी फुले रत्नागिरीच्या सड्यांवर दिसतात. या वनस्पतींना माती कमीच हवी असते. बाहेरून लाल माती आणून पसरली की गवत आणि तण माजते आणि मूळची फुले हटतात. ‘सुशोभीकरण’ या शब्दाची भीती वाटावी ती अशा ठिकाणी.

शिवाय याच कातळांवर कातळशिल्पे आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीची हत्तीची आकृती कोरलेली आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, जांभरूण अशा ठिकाणांची ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आगरच्या काल्पनिक सड्यावर अशी एक आकृती आहे असे मानले आहे. तिच्याभोवती गुडघ्याएवढा गडगा (सुट्या दगडांची भिंत) आहे आणि माणसे कडेकडेने लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालतात. संध्याकाळी तिरपा उजेड पडला की खोदलेल्या रेषा उठून दिसतात. त्यासाठी वेगळी प्रकाशयोजना लागत नाही.

कोणती झाडे लावली आहेत? बाग वर्षभर फुललेली राहील का?

एकच बाग वर्षभर फुललेली ठेवण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. त्याऐवजी विभागात दर महिन्याला कुठला तरी एक कोपरा सुगंधाने भरलेला असेल, अशी लागवड केली आहे. रहिवासी पत्ता सांगताना ‘सातविणीच्या वळणाशी’ असे म्हणू लागले, तर योजना सफल झाली असे समजू.

वर्षाची सुरुवात आंब्या-काजूच्या मोहोराने होते. पौषात काजूच्या झाडाखाली जो किंचित तुरट वास दरवळतो, तो अत्तराच्या कुठल्याही कुपीत मिळत नाही. फाल्गुनाच्या आसपास सुरंगी फुलते. तिची फुले देठांना नव्हे तर जुन्या फांद्यांना चिकटून येतात, पहाटे वेचावी लागतात, आणि सुकल्यावरही वळेसराचा (गजऱ्याचा) वास राहतो; वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या माणसाला सुरंगीविना बाग अपुरी वाटते. मग बकुळ, जिला काही गावांत ओवळ म्हणतात. वळवाच्या सरी येता-येता सोनचाफ्याला जोर येतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या बनात केवडा फुलतो. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, सातविणीचा उग्र वास रात्री पसरतो. काहींचे त्याने डोके दुखते, म्हणून सातविणी घरांपासून लांब, वळणांवर ठेवल्या आहेत. अबोलीला वास नाही, तरीही ती प्रत्येक विहिरीच्या काठी आहे. बाग फक्त नाकासाठी नसते.

उतारावर कोकम, फणस, जांभूळ, नागकेशर, भोकर. पुळणीच्या कडेला उंडी आणि करंज, आणि वाळूवर मर्यादवेल. मर्यादवेलीची जांभळी फुले सुंदर आहेतच, पण तिची खरी करामत वाळू धरून ठेवण्याची आहे.

न लावलेल्या झाडांचीही यादी आहे. गेल्या शतकात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, किनारे भरून टाकणारा सुरू, वाऱ्याने चटकन फांद्या टाकणारा गुलमोहर, आणि न लावताच येणारी रानमोडी व घाणेरी. हापूसची मोठी बाग आम्ही मुद्दाम टाळली, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. हापूस हे नाजूक आणि खर्चिक पीक आहे, त्याला फवारण्या लागतात, आणि घरांच्या खिडक्यांपाशी फवारण्या नकोत. गल्लीगल्लीत रायवळ आंबे आहेत. मुले तेच खातील.

वादळात हे सगळे टिकेल का?

सगळे टिकणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळ-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि काढणीला आलेला आंबा जमिनीवर पडला. पोफळीला नव्याने लावल्यापासून उत्पन्न सुरू होण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारचे नुकसान भरून यायला दशकाचा बराच भाग जातो.

त्यातून आराखड्यात काही गोष्टी आल्या. कोणत्याही वाडीत एकाच वयाची झाडे नाहीत. दरवर्षी थोडी रोपे लावली जातात, त्यामुळे जुनी पडली तरी मधल्या वयाची उभी असतात. समुद्राच्या बाजूला उंडी-करंजाचा दाट, वाकणारा पट्टा आहे. हा पट्टा वारा पूर्णपणे अडवत नाही, चाळून सोडतो. भिंतीसारखा अडवला तर वारा वरून उडी मारून मागच्या पोफळीवर दुप्पट जोराने पडतो. नारळाच्या उंचीच्या अंतरात एकही छप्पर नाही. आणि दर एकरामागे एक रोपवाटिका आहे, जिला बागेइतकेच महत्त्व दिले आहे.

समुद्राची पातळी वाढली तर खाडीकाठाचे काय?

हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत जागतिक सरासरी समुद्रपातळी, उत्सर्जन फार कमी राहिल्यास सुमारे ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार जास्त राहिल्यास ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याचा अंदाज आहे. सिंधुवेळची कथा २१२५ मधली असल्याने आम्ही एक मीटरहून अधिक वाढ झालेली मानली आहे. त्यामुळे आजची वाळूची रेघ त्या काळी पाण्याखाली आहे आणि आजच्या खाजणांचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींचा) मोठा भाग खाडीत गेला आहे.

खाडीकाठी कांदळवन आहे. पाण्याच्या बाजूला चिपी आणि कांदळ, मागे तिवर, काठावर मारांडी. समुद्र वर चढेल तसे कांदळवनालाही जमिनीकडे सरकता यावे, म्हणून त्याच्या मागे मोकळी पट्टी ठेवली आहे. या पट्टीवर बांधकाम करण्याची मागणी प्रत्येक आवृत्तीत कोणीतरी करतेच. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, त्यानंतरच्या २०११ आणि २०१९ च्या, आणि राज्याने २०१२ मध्ये स्थापलेला कांदळवन कक्ष, हा इतिहास पाहिला तर ही मागणी नवी नाही हे ध्यानात येते.

वाडी आणि खाडी यांच्यामध्ये खारबंदिस्ती आहे. तिला उघाड्या आहेत : भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर सोडणारी झडपेची दारे. शेकडो वर्षांची ही युक्ती आम्ही जशीच्या तशी उचलली. बदलले ते फक्त दाराचे साहित्य.

रात्री बाग उजळलेली का नसते?

पुळणीवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. वेळासला लोकांनी त्यांची घरटी राखल्यामुळे हे आता महाराष्ट्रभर माहीत झाले आहे. पिल्ले वाळूतून वर आली की सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. हे क्षितिज समुद्राचे असायला हवे, जेवणाच्या मांडवाचे नव्हे. म्हणून पुळणीकडे तोंड असलेला एकही दिवा नाही. वाटांवरचे दिवे घोट्याच्या उंचीचे, तांबूस आणि खाली झुकवलेले आहेत. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास उतारावरची झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. त्या पंधरवड्यात तेही दिवे मालवतात. अंधाराला ऐश्वर्यात गणले ते यामुळेच. २१२५ मध्ये काळोख विकत घ्यावा लागेल, असा आमचा होरा आहे.

घरे आणि रस्ते कसे आहेत?

घरे उतारावर, दोन मजल्यांहून उंच नाहीत, आणि समुद्राला समांतर रांगेत नाहीत. तिरपी मांडली आहेत, म्हणजे मागच्या घराचा वारा पुढचे घर खात नाही. भिंती चिऱ्याच्या. छपरांच्या वळचणी मोठ्या, कारण नैर्ऋत्येचा पाऊस सरळ पडत नाही.

चालण्याच्या वाटा म्हणजे पाखाड्या. चिऱ्याच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगे असलेली ही वाट पावसाळ्यात पाण्याचीही वाट होते, म्हणून पायरीच्या एका कडेला पन्हळ आहे. गुळगुळीत ग्रॅनाइट कुठेही वापरलेला नाही. भाद्रपदात त्यावरून घसरून पडलेल्या माणसाला कारण विचारावे लागत नाही. वाहने वेशीवर थांबतात.

सार्वजनिक मांडव मात्र कायमचे नाहीत. दिवाळीनंतर खांब रोवून नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालायचे आणि आगोटीच्या कामांत ते उतरवायचे. पाऊस सुरू होण्याआधी घर आवरण्याची, लाकूडफाटा भरण्याची ही जी घाई असते, ती शहरी रहिवाशांच्या वाट्याला यावी, असे मुद्दाम ठरवले आहे. श्रीमंत वस्तीत ऋतू कळेनासे होतात, तो दोष येथे नको होता.

राबणारी माणसे कोण आहेत? की सर्व कामे यंत्रेच करतात?

नारळावर चढणारी यंत्रे आहेत, कारण पाडेली (नारळ उतरवणारे) मिळणे आजच अवघड झाले आहे आणि ते काम जिवावरचे आहे. परंतु कोणत्या झाडाचा शहाळा उतरवायचा आणि कोणता नारळ ठेवायचा, हे माणूस ठरवतो. शिंपण, आळी करणे, रोपे निवडणे यांसाठी दोनशे माळी आहेत आणि त्यांची घरे विभागाच्या आतच, इतरांच्याच रांगेत आहेत. हा तपशील काही विद्यार्थ्यांना खटकतो. ज्या आराखड्यात बागेची निगा राखणारा माणूस सकाळी बाहेरून येतो आणि संध्याकाळी जातो, त्यातली झाडे त्याच्या ओळखीची कधी होत नाहीत.

बाहेरच्या लोकांना आत येता येते का?

येते. सड्यावरून पुळणीपर्यंत जाणाऱ्या तीन पाखाड्या सर्वांच्या आहेत आणि त्यांना दार नाही. कोकणात वाटेवरून जेवढे दावे चालले, तेवढे जमिनीवरून तरी चालले असतील का, अशी शंका यावी; एकदा अडवलेली वाट मोकळी व्हायला दोन पिढ्या लागतात. म्हणून वाटा आधी आखल्या आणि घरे नंतर.

उताराच्या मध्यावर दोन हेक्टरांची राई आहे. तिथली काटकीही उचलायची नाही. देवरायांचा हाच नियम आहे आणि तो मोडण्याची भीती देवाच्या नावाने घातलेली असल्यामुळे टिकला. २१२५ मधल्या रहिवाशांचा देवावर विश्वास असेल की नाही हे आम्ही ठरवलेले नाही. राईला कुंपणही घातलेले नाही.

डास आणि सापांचे काय?

खाणींतल्या आणि विहिरींतल्या पाण्यात गप्पी मासे सोडले आहेत आणि पाटात पाणी सतत वाहते ठेवले आहे. साचलेले पाणी फक्त सड्यावर असते आणि ते वस्तीपासून दूर आहे. फुरसे मात्र कातळावर आणि गडग्यांत राहणारच. तिथे अंधारात हात घालायचा नाही, पायात जाड जोडे हवेत आणि हातात विजेरी हवी, हे प्रत्येक रहिवाशाला पहिल्या दिवशी सांगितले जाते. प्रतिसर्पविष विभागाच्या दवाखान्यातच ठेवलेले असते.

आणि वानरांचा बंदोबस्त?

आवाज करणारी यंत्रे, जाळ्या, राखणदार कुत्रे आणि शेवटी उडती यंत्रे, असे सगळे उपाय चार आवृत्त्यांत मांडून झाले. त्यांतल्या एकाही आवृत्तीवर कोकणातल्या बागायतदार वाचकांचा विश्वास बसला नाही. पाचव्या आवृत्तीत शहाळ्यांचा पाचवा हिस्सा वानरांच्या नावे लिहिला आहे. त्यावरही एका वाचकाचे पत्र आले : हिस्सा फारच कमी धरला आहे.